घरच्या घरी व्यायाम आणि वजनाचा हिशेब

वजन कमी करण्यासाठी घरातल्या घरात, जवळजवळ काहीही खर्च न करता व्यायाम सुरू करता येतो, हे विधान खरे आहे. मात्र त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. व्यायामाने वजन किती घटते, हा पहिला प्रश्न. आणि वजन घटवू पाहणाऱ्या माणसाला व्यायामाची गरज नेमकी कशासाठी असते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लहान आणि दुसऱ्याचे अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आहे. पहिल्याच उत्तरावर भिस्त ठेवून ज्यांनी सुरुवात केली, त्यांचा उत्साह महिन्या-दीड महिन्यात काट्यावरचा आकडा पाहून ओसरतो आणि दुसरे उत्तर अनुभवण्याची वेळ येण्याआधीच सतरंजी गुंडाळून माळ्यावर जाते.

शरीर किती ऊर्जा खर्च करते हे सांगण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरले जाते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे एक मेट, आणि ढोबळमानाने तो दर किलो वजनामागे दर तासाला एक किलोकॅलरी धरतात. या किलोकॅलरीलाच व्यवहारात नुसते ‘कॅलरी’ म्हटले जाते. मध्यम गतीने चालणे, जागच्या जागी पावले टाकणे, आवरत्या वेगाने सूर्यनमस्कार घालणे या क्रिया साधारण तीन ते साडेचार मेटच्या घरात येतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाने चार मेटचा व्यायाम अर्धा तास केला, तर 140 कॅलरी खर्च होतात. पण तो अर्धा तास तो नुसता बसून असता तरी 35 कॅलरी गेल्याच असत्या, म्हणजे व्यायामाची खरी जमा 105 कॅलरींची. आठवड्यातून पाच दिवस हा नेम पाळला तर वर्षाला सुमारे 27 हजार कॅलरी होतात आणि एक किलो चरबीयुक्त ऊतीत साधारण 7,700 कॅलरी साठवलेल्या असतात असे धरले, तर वर्षाअखेर साडेतीन किलो वजन उतरायला हवे. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की शरीराचा एकूण खर्चही उतरतो, भूक थोडी वाढते, दमलेला माणूस उरलेल्या दिवसात नकळत कमी हालचाल करतो, आणि आकडा आणखी खाली येतो.

आता याच्या शेजारी स्वयंपाकघरातला एक हिशेब ठेवून पाहावा. चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर दरडोई दररोज सुमारे 41 मिलिलिटर, म्हणजे 38 ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्यातून प्रत्येकाला सुमारे 340 कॅलरी मिळतात. फोडणीत, पोळीच्या पदरात, तळणात विखुरलेल्या या तेलाकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते ताटात वेगळे वाढलेले नसते. तेच घर पाचाऐवजी चार लिटरमध्ये महिना काढू लागले, तर दरडोई दररोज 70 च्या आसपास कॅलरी वाचतात, आणि वर्षाची बेरीज केली तर ती 25 हजारांच्या जवळ जाते. म्हणजे घरातल्या प्रत्येकाने वर्षभर आठवड्याला पाच दिवस अर्धा-अर्धा तास घाम गाळून जे साधायचे, जवळजवळ तेवढेच महिन्याला एक लिटर तेल कमी आणल्याने साधते, आणि वर पैसेही वाचतात. म्हणून वजन उतरवण्याचे मुख्य काम आहाराकडेच द्यावे लागते. ते व्यायामाकडून करून घेण्याचा हट्ट हे घरचा व्यायाम मध्येच सुटण्याचे पहिले कारण आहे.

मग व्यायाम कशासाठी? नुसता आहार कमी केला, तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही बऱ्यापैकी वाटा असतो. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते आपल्या साठ्यांची मोडतोड करते आणि जे स्नायू वापरात नाहीत ते राखून ठेवण्याचे त्याला प्रयोजन नसते. जोर, बैठका, वजन उचलणे अशा ताकदीच्या व्यायामाने स्नायूंवर मागणी कायम राहते, त्यामुळे तुटीच्या दिवसांतही ते बरेचसे टिकतात आणि उतरणाऱ्या वजनात चरबीचा भाग वाढतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेणारा सर्वांत मोठा अवयवसमूह म्हणजे स्नायूच. ते काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत ओढू शकतात. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करण्याच्या जुन्या प्रथेला या दृष्टीने भक्कम आधार आहे, फक्त शब्दशः शंभर पावले म्हणजे जेमतेम सत्तर मीटर होतात. ती दहा-पंधरा मिनिटांपर्यंत लांबवली की रक्तातल्या साखरेचा चढ लक्षणीय कमी राहतो.

भारतीय शरीराच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी धार येते, आणि त्याचा एक बोलका पुरावा पुण्यातून आलेला आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन किती हे सांगणारा निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, दोघांचाही नेमका 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाले. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी बाळगणारी अशी ही शरीररचना भारतीयांत सर्रास आढळते, तिची पाळेमुळे गर्भावस्थेतल्या पोषणापर्यंत जातात असे याज्ञिकांच्या संशोधनाचे सांगणे आहे, आणि त्यामुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा 25 ऐवजी 23 धरली जाते. पोटाचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ओलांडला की धोक्याची खूण मानतात. ज्या समाजात मुळात स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त, त्या समाजात केवळ उपास करून वजन उतरवणे म्हणजे आधीच तोकडे असलेले स्नायू आणखी खर्ची घालणे होय. उपासावर भर देणाऱ्या प्रत्येक सल्ल्याकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवे.

हालचाल आणि भूक यांचा संबंधही सरळ रेषेतला नाही. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील कामगारांचा आणि नोकरवर्गाचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप यांची तुलना प्रसिद्ध केली. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे श्रम वाढत गेले, तसतसा आहारही वाढत गेला आणि वजन जागेवर राहिले. पण बैठ्या कामाच्या लोकांत हा मेळ तुटलेला दिसला, कारण ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांचा अभ्यास केला. दिवसभर जिन्यावरून वरखाली करणाऱ्या वाहकांना बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता, हा निष्कर्ष 1953 साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी या कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा निघाला. ही माणसे नोकरीत शिरतानाच वेगवेगळ्या बांध्यांची असावीत अशी शंका त्यातून पुढे आली, त्यामुळे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही शरीराचा कल ओळखायला कमरेचे माप किती उपयोगी पडते, हे त्या विजारींनी दाखवून दिले.

साधनांवर पैसे खर्च न करता व्यायाम करण्याच्या कल्पनेला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी तरुणपणी प्रसिद्ध युरोपीय बलोपासक यूजीन सँडो यांची साधने आणि पुस्तके मागवून त्यांच्या पद्धतीने कित्येक वर्षे व्यायाम केला, आणि नंतर तो बाजूला ठेवून सूर्यनमस्कार स्वीकारले. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, स्वतः प्रात्यक्षिके दाखवत त्यांचा प्रसार केला आणि 1938 मध्ये लंडनहून त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. विकतची साधने परवडणाऱ्या राजाने ती सोडून, ज्याला उभे राहण्यापुरती जागा आणि आपले शरीर एवढेच लागते, असा व्यायाम प्रजेपुढे ठेवावा, ही या विषयाच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे. सूर्यनमस्कारात पुढे वाकणे, मागे वळणे, हातांवर भार तोलणे आणि श्वासाची लय हे सगळे एका आवर्तनात येते. मात्र रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात एकदम मोठी संख्या गाठून दुसऱ्या दिवशी अंग आंबल्यामुळे वर्षभर त्याकडे न वळण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा वजनाशी काही संबंध येत नाही. तीन नमस्कारांनी सुरुवात करून दर आठवड्याला एक-दोन वाढवत बारापर्यंत जाणाऱ्या माणसाला अडीच महिन्यांच्या आत एक टिकाऊ सवय हाती लागते.

नुसत्या नमस्कारांवर भागत नाही, कारण त्यात मांड्यांना सलग भार सोसून वरखाली होण्याचे काम कमी आणि पाठीला काही ओढण्याचे काम जवळजवळ नाहीच. घरच्या व्यायामाची रचना चार क्रियांभोवती केली तर सारे मोठे स्नायू कामाला लागतात: बसून उठणे, ढकलणे, ओढणे आणि कंबर उचलणे. बसून उठण्याची सर्वांत सोपी पायरी म्हणजे भिंतीला टेकवलेल्या, न सरकणाऱ्या खुर्चीवर हात न लावता बसणे आणि उठणे. खुर्चीला पृष्ठभाग जेमतेम टेकतो न टेकतो तोच उठता येऊ लागले की खुर्ची दूर करून अर्ध्या बैठका, आणि गुडघे तक्रार करत नसतील तर पुढे तालमीतल्या पूर्ण बैठका. ढकलण्यासाठी भिंतीपासून हातभर मागे उभे राहून भिंतीवर जोर काढावेत. ते सोपे झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून, मग पलंगाच्या कडेवर, आणि अखेरीस जमिनीवर. हात जितके खाली येतात तितका शरीराचा जास्त भार त्यांच्यावर पडतो, एवढे एकच तत्त्व या चारही पायऱ्यांमागे आहे, आणि त्यामुळे पन्नाशीतली व्यक्ती आणि विशीतला तरुण एकाच खोलीत आपापल्या पायरीवर हाच व्यायाम करू शकतात. ओढण्यासाठी रिकामा झालेला पाच लिटरचा तेलाचा कॅन उपयोगी पडतो: तो पाण्याने भरला की पाच किलोचे वजन तयार होते, आणि एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून दुसऱ्या हाताने तो बरगड्यांपर्यंत ओढला की पाठीचे स्नायू काम करतात. पाच किलो जड वाटले तर कॅन अर्धा भरावा. चौथ्या क्रियेसाठी सतरंजीवर उताणे पडून, गुडघे दुमडून, तळपाय जमिनीला टेकवून कंबर वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची असते.

पहिले दोन आठवडे हे एक दिवसाआड, प्रत्येक क्रियेची आठ-आठ आवर्तने दोनदा, एवढेच करावे. सगळे मिळून पंधरा मिनिटांच्या आत उरकते आणि तसेच ते उरकायला हवे. पहिल्याच आठवड्यात ‘अजून झेपले असते’ असे वाटणे हे चांगले लक्षण आहे. पुढे आवर्तने बारापर्यंत आणि फेऱ्या तीनपर्यंत न्याव्यात, आणि तिसऱ्या फेरीअखेर आणखी दोन-तीन सहज झाली असती असे वाटू लागले की संख्या वाढवण्याऐवजी वरची पायरी घ्यावी. शरीर सरावाच्या भाराशी जुळवून घेते आणि मग त्याच भाराने बदलत नाही. म्हणून भार थोडा थोडा चढता ठेवण्याचे हे तत्त्व ताकदीच्या साऱ्या व्यायामाचा कणा आहे. वर्षानुवर्षे रोज तेच पंचवीस जोर काढणाऱ्याची तब्येत टिकते, पण तो जिथल्या तिथे राहतो.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांना ‘तुमचा व्यायाम घरकामातच होतो’ असे सर्रास सांगितले जाते, आणि त्यात अर्धेच तथ्य आहे. झाडणे, पुसणे, पाणी भरणे, कपडे पिळणे ही शारीरिक हालचालच आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तिची गणना करते. परंतु त्या कामाचा भार वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, तो शरीराच्या काही भागांवरच पडतो, आणि मुख्य म्हणजे त्यात दम लागेल इतका सलग वेग क्वचितच येतो. थकवा मात्र पुरेपूर येतो. अशा स्त्रीला आणखी अर्धा तास काढायला सांगण्याआधी घरातल्या इतरांनी तिच्या कामातला अर्धा तास उचलणे हा व्यायामाच्या आखणीचाच भाग मानायला हवा. पैशाने स्वस्त असलेल्या या उपक्रमाची खरी किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती प्रत्येक घरात कोण मोजतो हे पाहणे आवश्यक आहे.

मधल्या दिवसांत दम वाढवणारा व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेची किंवा 75 ते 150 मिनिटे जास्त तीव्रतेची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजू नये, ही जुनी अट आता काढून टाकलेली आहे, त्यामुळे पाच-पाच मिनिटांचे तुकडेही जमेत धरता येतात. तीव्रता ओळखायला यंत्र लागत नाही: बोलता येते पण गाता येत नाही ती मध्यम, आणि चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो ती जास्त. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने बाहेर चालणे कठीण होते, तेव्हा जागच्या जागी गुडघे उचलून चालणे आणि इमारतीचा जिना यांवर काम भागते. जिन्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. सत्तर किलो वजन तीन मीटर वर नेण्यासाठी भौतिकशास्त्राच्या नियमाने जेमतेम अर्धी कॅलरी लागते, आणि स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवत असल्याने शरीराला एका मजल्यामागे दोन-अडीच कॅलरी पडतात; म्हणजे दहा मजले चढूनही एका पोळीचा पाव भाग जेमतेम वसूल होतो. जिन्याची कमाई कॅलरींत शोधू नये. दोन-तीन मिनिटांत हृदय आणि मांड्या यांना तो जे काम देतो, ते सपाट रस्त्यावर अर्धा तास रेंगाळूनही मिळत नाही. गुडघे दुखत असल्यास जिना चढावा आणि उतरताना शक्य तिथे लिफ्ट घ्यावी, कारण उतरताना गुडघ्याच्या वाटीवर येणारा ताण जास्त असतो. दोरीवरच्या उड्या स्वस्त असल्या तरी जास्त वजनाच्या माणसाने त्या पहिल्या काही महिन्यांत टाळलेल्याच बऱ्या.

सुरुवातीच्या दिवसांत अंग दुखते, आणि ते व्यायामाच्या वेळी नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बैठकीत खाली जाताना किंवा जिना उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्या दुरुस्तीबरोबर ठणका येतो. दोन-तीन दिवसांत तो आपोआप शमतो आणि पुढच्या खेपेस कमी होतो. सांध्यात उठणारी तीक्ष्ण कळ, छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, चक्कर, हे मात्र वेगळे प्रकार आहेत आणि तिथे व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, मणक्याचे दुखणे किंवा गर्भावस्था असताना आरंभाआधीच सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये, कारण साखर एकाएकी खाली येऊ शकते. जोर काढताना श्वास कोंडून धरण्याची खोड बहुतेकांना असते, त्याने रक्तदाब क्षणभर बराच चढतो. वर येताना श्वास सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

वजनाच्या काट्याबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साखर साठवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार आवरता घेतला की पहिल्या आठवड्यात हा साठा आटतो आणि त्याबरोबर पाणीही जाते, म्हणून वजन एक-दीड किलोने झपकन उतरते. त्यात चरबी थोडीच असते. पुढे एखाद्या लग्नात पोटभर जेवण झाले की तेच पाणी परत येते आणि माणूस निराश होतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन घ्यावे आणि एकेका आकड्याऐवजी चार आठवड्यांचा कल पाहावा. त्याबरोबर महिन्यातून एकदा शिवणकामाच्या टेपने, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. व्यायाम करणाऱ्याचा काटा पुष्कळदा अडून राहतो आणि टेप मात्र आत सरकते, कारण चरबी जात असताना स्नायू टिकत किंवा किंचित वाढत असतात.

खंड प्रत्येकाच्या नेमात पडतो. आजारपण, परीक्षा, गणपती, दिवाळी, लांबचा प्रवास यांपैकी काही ना काही येतेच. दम काही आठवड्यांत बराच उतरतो, ताकद त्याहून सावकाश उतरते, आणि एकदा कमावलेले स्नायू दुसऱ्या खेपेस पहिल्यापेक्षा लवकर भरून येतात. आठवडाभराचा खंड पडला असेल तर थांबले होते तिथूनच पुढे चालावे, महिना लोटला असेल तर एक पायरी खाली उतरून निम्म्या फेऱ्यांनी सुरुवात करावी, आणि ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यानंतर अंगातला अशक्तपणा जाईपर्यंत केवळ चालण्यावर भागवावे.